खाडीच्या हवेत काळवंडलेले सायकलचे अलॉय पार्ट घरच्या घरी चमकवणे

कोपरीचा_किनारा (ठाणे पूर्व)

पावसाळा सरला की सोसायट्यांच्या पार्किंगमधून सायकली बाहेर निघतात आणि दरवर्षी तेच ऐकू येतं: क्रँक (पेडल जोडलेला दांडा) पांढरा पडलाय, ब्रेक लिव्हरवर ठिपके आलेत, हब (चाकाचा मधला भाग) काळवंडलाय, आता नवं घ्यावं लागणार. बहुतेक वेळा नवं काही घ्यावं लागत नाही. आपण ज्याला अलॉय म्हणतो तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू असतो, आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) आणि मेटल पॉलिशच्या जोरावर तो पुन्हा लख्ख करता येतो. माझ्याकडे सध्या मामांची जुनी रोड सायकल आहे. फ्रेम लोखंडी, बाकी जवळजवळ सगळं अलॉय: क्रँक, ब्रेकचे कॅलिपर (रिमवर रबर दाबणारे चिमटे), लिव्हर, हब, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), रिम. खाडीकडे तोंड असलेल्या गॅलरीत ती बरीच वर्षं उभी होती. तिच्यावर काम करताना जे कळलं ते इथे सविस्तर मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

आधी हे होतं का ते. ॲल्युमिनियम उघडं पडलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. हा थर धातूचं रक्षणच करतो, म्हणून ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजून झडत नाही. पण मिठातलं क्लोराइड त्या थराला जागोजागी बारीक भोकं पाडतं. आपल्याकडे खाडीचं पाणी खारं, वारा दमट, त्यात आपला घाम. भोकांतून आतला धातू खाल्ला जातो आणि वर पांढरी भुकटी येते. भुकटी पुसता येते, खालचा खड्डा मात्र घासूनच काढावा लागतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॉलिशची ट्यूब उघडण्याआधी त्या पार्टच्या अंगावर काय आहे ते ओळखा. पुढचं सगळं त्यावर ठरतं, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

प्रथम लोहचुंबक लावा. चिकटला तर तो अलॉय नाही, क्रोम चढवलेलं लोखंड आहे, त्याचा रस्ता वेगळा. चिकटला नाही तर पार्टची आतली बाजू, जी सहसा दिसत नाही, तिथे थोडं मेटल पॉलिश लावून पांढऱ्या सुती कापडाने घासा. कापड लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे. कितीही घासून कापड पांढरंच राहिलं तर वर काहीतरी आवरण आहे. मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं: दोन्ही टोकं हलकेच टेकवा. उघड्या धातूतून वीज जाते, आवरण असेल तर जात नाही.

आवरण दोन प्रकारचं असतं. एक लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश. ते जुनं झालं की पिवळं पडतं, कडांना पापुद्रे सुटतात, त्याच्याखाली धातूवर डाग दिसतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला की बरीच लॅकर मऊ पडतात. दुसरं ॲनोडायझिंग. हा वरून लावलेला रंग नसून धातूच्याच पृष्ठभागाचं विजेच्या साहाय्याने जाड केलेलं ऑक्साइड असतं. नैसर्गिक थर काही नॅनोमीटरचा, तर हा बहुधा 5 ते 25 मायक्रॉनचा, म्हणजे हजारो पट जाड. ॲसिटोनने त्याला काहीही होत नाही. तो धातूपेक्षा खूप कठीण असतो, त्यामुळे पॉलिशने तो हटत नाही, आणि म्हणूनच लोक तासभर घासून 'काही फरकच पडत नाही' म्हणतात.

उघड्या धातूवर काम करायची माझी पद्धत अशी. पार्ट सायकलवरून पूर्ण उतरवायचा. क्रँक काढायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो, हातोड्याने ठोकू नका. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलला उलटे आटे असतात. ग्रीस आणि मळी डिझेलने किंवा डीग्रीझरने काढून भांड्यांच्या साबणाने धुवायचं. पांढरी भुकटी जास्त असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवायचं आणि मग जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ धुवायचं.

मग वॉटर पेपर. नावाप्रमाणे पाण्यातच वापरायचा, थेंबभर भांड्यांचा साबण घालून. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. खड्डे खोल असतील तर 320 किंवा 400 पासून सुरुवात, नुसताच मंदपणा असेल तर थेट 800 पासून. पुढे 600, 800, 1000, 1500, 2000. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, एकदा आडवं, पुढच्या वेळी उभं. मागच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे त्यामुळे स्पष्ट दिसतं. ते गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. 400 चा एक ओरखडा राहिला तर तो पॉलिशनंतर आरशातल्या केसासारखा दिसतो आणि पुन्हा मागे यावं लागतं. नंबर बदलताना पार्ट धुवायचा, पाणी बदलायचं, हातसुद्धा धुवायचे, कारण जाड कागदाचा एखादा कण पुढे आला तरी ओरखडा पडतो.

2000 नंतर ॲल्युमिनियमला चालणारं मेटल पॉलिश, जुन्या बनियनच्या तुकड्यावर वाटाण्याएवढं. कापड काळंकुट्ट होतं, ते घाण नसून धातूच असतो, घाबरू नका. कोपऱ्यांत आणि अक्षरांच्या खाचांत कापसाची काडी. शेवटी कॉर्नफ्लॉवर भुरभुरवून स्वच्छ कापडाने पुसलं की उरलेला तेलकटपणा निघून जातो.

कोरडं घासू नका, ग्राइंडरवर तर अजिबात नको. ॲल्युमिनियमची बारीक कोरडी धूळ पेट घेऊ शकते, आणि त्याच मशीनवर लोखंड घासताना ठिणगी उडाली तर धोका फार मोठा. ओलं घासलं की धूळ पाण्यात बसते, छातीतही जात नाही.

हबसाठी एक सोय सांगतो. आऱ्यांमुळे हात आत जात नाही. पायजम्याची सुती नाडी घ्या, पॉलिश लावा, हबभोवती एक वेढा द्या आणि रवीच्या दोरीसारखी दोन्ही टोकं आळीपाळीने ओढा. हबचं पिंप असं उजळतं की चाक उस्कटायची गरज पडत नाही.

संरक्षणाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला हाक आली आहे.

येऊर_चढण (ठाणे पश्चिम)

वाचनखूण साठवली. फार उपयोगी धागा. माझ्या हायब्रिडचा क्रँक काळा आहे, टाचा घासून घासून त्याचे दोन पट्टे चंदेरी झालेत. अख्खा क्रँकच चंदेरी करावा असं मनात आहे. तुमच्या वर्णनावरून हे ॲनोडायझिंग दिसतंय. काढायचं कसं? यूट्यूबवर गटार साफ करायची पावडर वापरतात असं पाहिलं.

बाबांची_ॲटलस (कळवा)

माझा प्रश्न थोडा वेगळा. वडिलांची जुनी काळी रोडस्टर आहे. हँडल, घंटी, रिम सगळ्यावर तांबूस ठिपके. चुंबक चिकटतो, म्हणजे क्रोमच ना? घरात पितांबरी आहे, ती चालेल का? आपल्या ठाण्याचीच आहे म्हणून आईचा तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास.

कोपरीचा_किनारा

@बाबांची_ॲटलस, हो, ते क्रोम. पितांबरी पावडर तांब्यापितळेसाठी बनवलेली आहे, देवघरातली समई आणि तांब्या तिच्यासाठी ठेवा. क्रोमवर एक फार स्वस्त उपाय आहे: स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. तिचा बोळा करून साध्या पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने क्रोमला ओरखडा पडत नाही, गंज मात्र निघतो. काळपट लगदा तयार होईल तो पुसून टाका, धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच मेण लावा. मेण लावलंच पाहिजे. क्रोमचा थर अतिशय पातळ, मायक्रॉनपेक्षाही कमी असतो, त्याच्याखाली निकेल आणि त्याखाली लोखंड. गंज त्या थरांच्या बारीक छिद्रांतून वर येतो. छिद्रं उघडी राहिली तर पुढच्या पावसात ठिपके परत दिसतील. आणि जिथे क्रोमचे पापुद्रेच सुटलेत तिथे घरचा उपाय संपतो, ते पुन्हा प्लेटिंगलाच द्यावं लागेल.

भांडी घासायची लोखंडी तार मात्र अलॉयवर वापरू नका. तिचे कण धातूत रुतून बसतात आणि नंतर तेच गंजतात.

प्रयोगवही (वाशी)

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते.

ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर साधारण 4 ते 8.5 या पीएचच्या (आम्ल-अल्कली मोजायच्या मापाच्या) दरम्यान टिकून राहतो. त्याच्या खाली तीव्र आम्लात विरघळतो आणि वर अल्कलीतही विरघळतो. लोखंडापेक्षा हा धातू इथे वेगळा आहे, दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. म्हणून संडास साफ करायचं ॲसिड, ज्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते सायकलच्या जवळपासही आणू नका. त्यातलं क्लोराइड वेगळं नुकसान करतं. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळला की पीएच 11 च्या आसपास जातो, त्याने अलॉय काळवंडतं. खाण्याचा सोडा त्या मानाने सौम्य.

घरी याचं रोजचं उदाहरण आहे. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये नुसतं पाणी ठेवून डब्यात वरणभात लावला की कुकर आतून काळा पडतो, आणि तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचं बोटुक टाकलं की पडत नाही. पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगर चालतं ते याच कारणाने. फक्त रात्रभर बुडवून ठेवायचं नाही, काम झालं की भरपूर पाण्याने धुवायचं.

@येऊर_चढण, ती गटाराची पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. ती ॲनोडायझिंग काढते हे खरं. पण आधी हे वाचा. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. पूर्ण बंद गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, लांब बाह्या आणि उघडी हवा, यातलं एक जरी नसेल तर करू नका. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तरी नको.

करायचंच असेल तर प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी पावडर. उलट कधीच नाही, पाणी उसळून अंगावर येतं. लिटरभर थंड पाण्याला साधारण 50 ग्रॅम पुरते. गरम पाणी नको. पार्ट तारेने लटकवून बुडवायचा. सुरुवातीला विशेष काही दिसणार नाही, कारण ऑक्साइड विरघळताना वायू सुटत नाही. खालचा धातू उघडा पडला की सगळीकडून जोरात बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. तिथेच बाहेर काढायचं, पुढे चांगला धातू खाल्ला जातो. जवळ काडी, लायटर, गॅस काहीही पेटतं नको. भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, मग व्हिनेगरच्या पाण्याने, मग पुन्हा पाण्याने. ॲल्युमिनियमची बादली किंवा पातेलं चुकूनही नको, त्याला भोक पडेल.

मिश्रधातूत तांबं असेल (2014 सारख्या प्रकारांत ते असतं) तर बाहेर आलेला पार्ट काळा दिसतो. ते काजळीसारखं वर बसलेलं असतं, 600 च्या कागदाने ओलं घासलं की निघतं.

बफखाना (वागळे इस्टेट)

नमस्कार मंडळी. आयुष्य पॉलिशिंग आणि प्लेटिंगच्या कामात गेलं, म्हणून राहवलं नाही.

मॅडमनी सांगितलेली पद्धत बरोबर आहे. पण मी म्हणेन, येऊरवाल्या दादांनी ती करू नये. ॲनोडायझिंग हे त्या पार्टचं चिलखत आहे. कारखान्यात गंधकाम्लाच्या टाकीत वीज सोडून, मग गरम पाण्यात छिद्रं बंद करून ते तयार होतं. ते घरी परत चढवता येत नाही. काढलं की तुम्ही खाडीच्या हवेत धातूला उघडं सोडता. दिवाळीत चमकेल, पुढच्या जुलैत पांढरं पडेल, मग दर पावसाळ्यात घासत बसा. रंग उडालाय म्हणून चिलखत उतरवणं मला पटत नाही. ज्या पार्टवर ॲनोडायझिंग शाबूत आहे तो साबणाने धुवा, मेण लावा, बस. निम्म्या वेळा त्याचा मंदपणा म्हणजे वर साचलेलं ग्रीस आणि धूळच असते.

पुन्हा ॲनोडायझिंग करून देणारे लोक इंडस्ट्रियल एरियात मिळतात. पण पार्ट पूर्ण सुटा हवा. आत लोखंडी बुश किंवा बेअरिंग बसवलेलं असेल तर ते कोणी टाकीत घेणार नाही, आम्ल लोखंड खाऊन टाकतं. वेगवेगळ्या मिश्रधातूंचे पार्ट एकत्र दिले तर रंगही सारखा येत नाही.

बफिंगबद्दल. ड्रिल मशीनला सुती बफ (पॉलिश करायचं कापडी चाक) लावून घरी करता येतं, पण ड्रिल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्कं धरा, हातात नको. पार्ट नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या खालच्या बाजूला टेकवा, म्हणजे सुटलाच तर तुमच्या अंगावर न येता लांब फेकला जाईल. ओढणी, गळ्यातली साखळी, सैल बाही, मोकळे केस काहीही नको. एका बफवर एकच मसाला (बफला लावायचं पॉलिश), दुसरा मसाला लावायचा तर बफ दुसरा. आणि दाबू नका. दाबलं की पार्ट तापतो, कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसली जातात. जुन्या क्रँकवरची अक्षरं हीच त्याची शोभा असते. ती राखायची असतील तर कोपरीकरांची हाताची पद्धतच चांगली. हाताने घासलेल्या कामात कडा जिवंत राहतात, हे मी बफवर इतकी वर्षं काढून सांगतो.

येऊर_चढण

काका, पटलं तुमचं म्हणणं, पण पूर्ण नाही. क्रँकवरचे ते दोन पट्टे आधीच उघडे आहेत ना? चिलखताला भोक पडलंच आहे. मग बाकीचं ठेवून काय मिळणार?

बफखाना

चांगला प्रश्न. ते दोन पट्टे तुमच्या बुटाने रोज घासले जातात, म्हणून तिथे भुकटी साठत नाही. बाकीच्या भागावर आवरण शाबूत आहे तर ते आपलं काम करतंय. फक्त त्या दोन पट्ट्यांना 1500 ने हलकेच घासून पॉलिश करा, पट्ट्याची कड स्वच्छ राहील इतकं बघा आणि मेण लावा. वापरलेल्या सायकलीचा क्रँक असाच दिसतो, त्यात वाईट काही नाही. तरी चंदेरीच हवा असेल तर तो तुमचा निर्णय, फक्त दर पावसाळ्याची मेहनत धरून चला.

कोपरीचा_किनारा

बफखाना काकांशी मी सहमत आहे, एक फरक सोडून. क्रँक, स्टेम, ब्रेकचे लिव्हर हे हाताशी येणारे, सहज पुसता येणारे पार्ट. त्यांची देखभाल जमते. रिम आणि हबचं ॲनोडायझिंग मात्र कधीच काढू नये, तिथे आऱ्यांमध्ये पाणी अडकतं आणि रोज कोणी पुसत नाही.

आता संरक्षणाचं राहिलं होतं ते. पॉलिश केलेल्या उघड्या धातूला मी कारचं चांगलं कार्नोबा मेण लावतो. पातळ हात, वाळलं की पुसायचं, मग दुसरा हात. जूनच्या आधी एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी. पावसात भिजून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवणं हे मेणापेक्षाही जास्त उपयोगाचं. खारट थेंब वाळू द्यायचा नाही. भिजलेली सायकल प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवणं सगळ्यात वाईट, आत वाफ कोंडते.

क्लिअर लॅकर स्प्रे मारावा का, असं व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलं. माझं उत्तर नाही असं आहे. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकर नीट धरत नाही. साखळीचा किंवा बुटाचा एक टवका उडाला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली किड्याच्या वाटेसारख्या नागमोडी रेषा पसरत जातात. दमट, खाऱ्या हवेत हे हमखास होतं. मग सगळं लॅकर काढून पहिल्यापासून सुरुवात. मेण उडालं तर नुसतं परत लावायचं असतं.

घणसोली_गिअर (घणसोली)

+१. रिमबद्दल सविस्तर सांगाल का? माझी रिम ब्रेकवाली सायकल आहे, रिमच्या कडा काळपट दिसतात. त्यावर पॉलिश आणि मेण चालेल?

कोपरीचा_किनारा

जिथे ब्रेकचं रबर लागतं त्या पट्ट्यावर पॉलिश नको, मेण तर मुळीच नको. ब्रेक लागणार नाही. येऊरच्या उतारावर किंवा पारसिक हिलवरून खाली येताना हे जिवावर बेतेल. तो पट्टा फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने पुसा. रबराचे काळे डाग राहिले तर 600 च्या वॉटर पेपरने अगदी हलकेच, बस. मेण लावायचं ते आऱ्यांच्या बाजूच्या भागाला, आणि तेसुद्धा बोटाने, स्प्रेने नाही.

त्याच वेळी ब्रेकचे रबर काढून बघा. त्यात धातूचे चमकदार कण रुतलेले दिसतील. ते टाचणीने उकरून काढा. काळपटपणा आणि खरखर आवाज बहुतेक त्यांच्यामुळेच असतो, आणि रिमला चरे पाडणारेही तेच. पट्ट्यावर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असेल आणि तो दिसेनासा झाला असेल तर रिम बदलायची, तिथे चमकवण्याचा विचारच नको.

पामबीच_पहाट (नेरुळ)

अतिशय सुंदर चर्चा. रोज पहाटे पाम बीच रोडला चालवतो, एका बाजूला खारफुटी आणि थेट खाडीचा वारा. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हँडलबारची टेप बदलायला काढली तर आत पांढरा चुरा आणि खड्डे निघाले. घरात ट्रेनरवरही (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) बराच वेळ चालवतो. हे घासून काढून नवी टेप लावली तर चालेल का? दुसरं, सीटपोस्ट फ्रेममध्ये अडकलाय, तसूभरही हलत नाही. फ्रेम लोखंडी, पोस्ट अलॉय.

बफखाना

हँडलबारचं आधी सांगतो. चुरा पुसून नख फिरवा. नख अडकेल इतका खड्डा असेल तर हँडलबार बदला. इथे काटकसर नको. लोखंडाला ताणाची एक मर्यादा असते, तिच्या आत कितीही वेळा ताण आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणसुद्धा साठत जातो आणि तडा नेहमी खड्ड्यापासूनच सुरू होतो. हँडल तुटतं ते आधी न सांगता. टेपखाली घाम मुरत राहतो, ट्रेनरवर वारा नसल्यामुळे तर जास्तच. नुसता वरवरचा मंदपणा असेल तर 1000 ने साफ करून, मेण लावून नवी टेप बांधा. ट्रेनरवर हँडलवर टॉवेल टाकत जा.

क्रँकलाही हीच तपासणी हवी. पॉलिश झाल्यावर पेडल बसतं त्या भोकाभोवती आणि क्रँकचे हात (दांडे) जिथे जुळतात त्या कोनात उजेडात बघा. पुसली तरी परत परत उमटणारी बारीक काळी रेघ दिसली तर तो तडा समजा, त्यातून आतला काळा मसाला बाहेर येत असतो. असा क्रँक कितीही सुंदर दिसत असला तरी सायकलला लावू नका.

प्रयोगवही

सीटपोस्टचं मी सांगते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, आणि त्याचं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून पोस्ट आत पाचरीसारखा बसतो.

बरेच जण फ्रेम तापवायला सांगतात. उष्णता पोस्टपर्यंत पोचली की फायदा जातो, कारण तापमान एका अंशाने वाढलं की मीटरभर ॲल्युमिनियम साधारण 23 मायक्रॉन वाढतं आणि लोखंड 12. म्हणजे पोस्ट आणखी घट्ट होतो, रंगही जळतो. उलट पोस्ट थंड करा. सीट काढा, पोस्टमध्ये वरून बर्फाचा चुरा भरा, थंड होऊ द्या आणि मग हलवून बघा. त्याआधी गंज सैल करणारं तेल कॉलरपाशी, म्हणजे पोस्ट फ्रेममध्ये शिरतो तिथे, सोडायचं. सायकल उलटी करून तळाच्या बाजूनेही तेल सोडता आलं तर उत्तम. तेलाला वेळ द्या, रोज थोडं थोडं.

कोपरीचा_किनारा

भर घालतो: पोस्टचा क्लॅम्प पूर्ण काढून घ्या. तेल मुरल्यावर जुनी सीट घट्ट बसवून दोन्ही हातांनी पिळायचं, वर ओढायचं नाही. आधी गोल फिरला पाहिजे, वर येणं त्यानंतर. फ्रेम पकडून ठेवायला दुसरा माणूस हवाच. आणि फ्रेमची नळी व्हाइसमध्ये धरू नका, चेपेल.

येऊर_चढण

काकांच्या सांगण्याप्रमाणे नुसते दोन पट्टे 1500 आणि 2000 ने केले, मेण लावलं. क्रँक तसाच काळा ठेवला. खूप स्वच्छ दिसतोय. कॉस्टिकची पावडर दुकानातून आणलीच नाही. बफ आणि चांगले वॉटर पेपर कुठे मिळतात? आमच्या जवळच्या हार्डवेअरमध्ये 400 च्या पुढे काही नाही.

बफखाना

1500 आणि 2000 गाड्यांच्या रंगाचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात, नुसत्या हार्डवेअरमध्ये बऱ्याचदा नसतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात विचारा. सुती बफ, मसाल्याच्या वड्या, सगळे नंबर एकाच फेरीत हवे असतील तर मशीद बंदरला उतरून नागदेवी गाठा. कागद घेताना मागच्या बाजूला वॉटरप्रूफ लिहिलंय ना ते बघा, साधा कागद पाण्यात विरघळतो.

बाबांची_ॲटलस

फॉइलचा उपाय केला. हँडल आणि घंटी निम्म्याहून जास्त साफ झाली. वडिलांनी स्वतः बसून घंटी घासली. रिमवर दोन जागी क्रोम सुटलंय, ते तुम्ही म्हणालात तसं प्लेटिंगला देणार. सगळ्यांचे मनापासून आभार. पुढील लेखनास शुभेच्छा.

पामबीच_पहाट

सीटपोस्ट निघाला! तेल मुरू दिलं, बर्फ भरला, शेजारच्या दादांनी फ्रेम धरली आणि मोठा कट्ट आवाज होऊन फिरला. हँडलबार नवीन मागवलाय. आता पोस्ट परत बसवताना काय काळजी घेऊ?

कोपरीचा_किनारा

अभिनंदन! फ्रेमच्या नळीत आतून सगळा पांढरा चुरा आणि गंज साफ करा, काठीला 320 चा कागद गुंडाळून वर-खाली फिरवा, मग तेलाच्या फडक्याने पुसून काढा. पोस्टचा आत जाणारा भाग पॉलिश करू नका, नुसता साफ करा, गुळगुळीत पोस्ट घसरतो. आतल्या भागाला आणि नळीच्या तोंडाला ग्रीसचा पातळ थर द्या (फ्रेम कार्बनची असती तर ग्रीस चाललं नसतं, त्याची वेगळी पेस्ट येते). कमीत कमी आत जायची खूण पोस्टवर कोरलेली असते, ती फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे. दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, एकदा बाहेर काढून पुसा आणि ग्रीस बदला. स्टेम जुन्या पद्धतीचा, फ्रेमच्या आत जाणारा असेल तर त्याचंही त्याच दिवशी करून टाका.